न ऐकलेलं दुसरं गाणं

परवा सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरलो आणि लिफ्टचं दार उघडताच वास आला. आमच्या इमारतीच्या मागं कुंपणाला लागून एक झाड आहे. वर्षभर कुणी त्याच्याकडं बघत नाही. ऑक्टोबर लागला की त्याच्या पानांच्या बगलेत मोहरीएवढी नारिंगी फुलं येतात आणि आठ दिवस टोकियोतलं हे सगळं निशी-कसाई त्या वासानं भरून राहतं. फूल नंतर दिसतं, वास आधी येतो. बकुळीचा थोरला भाऊ म्हणावा असा गोड, पण जरा आगाऊ. नात सई म्हणते, "किनमोकुसेई, आजोबा." गेल्या वर्षी तिनं ते नाव माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतलं होतं. आता येतं. पण परवा म्हणून दाखवायला जवळ कोणी नव्हतं. पिशवी कचऱ्यावर कावळ्यांसाठी घातलेल्या जाळीखाली सरकवली, जाळीचं टोक दगडाखाली दाबलं आणि तिथंच उभा राहिलो.

वास वाईट असतो. माणूस घरात कसा येतो, तर दार वाजवून. वास तसा येत नाही. गेल्या वर्षीचा सगळा ऑक्टोबर घेऊनच तो आला.

मी दरवर्षी याच दिवसांत इकडं येतो. तीन महिन्यांचा व्हिसा मिळतो, थंडी वाढायच्या आत परत. मुलगा विजय इथं कॉम्प्युटरच्या कामात आहे, सून मेघना बँकेत. सई नववीत. सकाळी साडेसातपर्यंत तिघंही बाहेर पडलेली असतात. मग घर आणि मी. भिंतीवर घड्याळ नाही, मोबाइलमध्येच सगळ्यांचा वेळ. संध्याकाळी पाचला मात्र खांबांवरचे भोंगे एक धून वाजवतात. पोरांनो, घरी जा, असा त्याचा अर्थ. धून चांगली आहे, संथ, पाठीवरून हात फिरवल्यासारखी. पण एका खांबावरची पुढं, दुसऱ्यावरची मागं, तिसऱ्यावरची आणखी मागं. लय धरायला कुणी नाही. माझ्या बँडमध्ये असं झालं असतं तर मी जागच्या जागी थांबवलं असतं.

सांगायचं राहिलं. मी चौथी शिकलोय. पाचवीच्या वर्षी हातात क्लॅरनेट आलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. पण कऱ्हाडच्या आसपासच्या पन्नास गावांत मला मास्तर म्हणत. बँडमास्तर. लाल कोट, सोनेरी गोंडे, डोक्यावर तुऱ्याची टोपी. मागं चौदा माणसं. त्यातल्या एकालाही कागदावरचं संगीत वाचता येत नव्हतं, मलाही नाही. रेडिओवर गाणं एकदा लागलं की ते माझ्या कानात बसायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या वरातीत वाजायचं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई म्हणून सांगतोय असं वाटलं तरी चालेल.

तर गेल्या वर्षी, याच वासाच्या आठवड्यात, विजू ऑफिसातून आला की जेवायला बसायच्या आधी उभ्या उभ्या फोन बघायचा. बघायचा आणि चेहरा उतरायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं ऑफिसचं काही असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं.

"काय रे, नोकरीचं काही आहे का?"

"नाही हो अप्पा. अल्बम आलाय."

"कुणाचा?"

"कॉलेजात ऐकायचो मी ते. इंग्लंडचे. नऊ वर्षांनी नवीन गाणी काढलीत."

"मग तोंड पाडायला काय झालं?"

"मी नाही, पेपरवाल्यांनी पाडलंय. सगळ्यांनी मिळून. पाचातले दोन तारे."

मेघना पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "अप्पा, जगात काय काय चाललंय आणि हा माणूस तीन दिवस इंग्लंडचे तारे बघतोय."

सई सोफ्यावर लोळत होती. मान वर न करता म्हणाली, "पप्पाचा बँड दासाई आहे." दासाई म्हणजे गावंढळ, जुनाट. हा शब्द मला नीट माहीत आहे, कारण माझ्या स्वेटरलाही ती तेच म्हणते.

विजू हसला, पण वरवर. मग मला एकेक परीक्षण वाचून दाखवायला लागला. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. एकानं म्हटलं होतं की गायकाचा आवाज बसलाय. दुसऱ्यानं म्हटलं होतं की हे लोक स्वतःचीच नक्कल करतात. तिसरा जरा शिकलेला दिसला. त्यानं आधी दोन परिच्छेद जुन्या दिवसांचं कौतुक केलं होतं आणि शेवटी हळूच म्हटलं होतं की काही जणांनी वेळेवर थांबलेलं बरं असतं. विजूनं तेवढं वाक्य दोनदा वाचलं.

"वय काय त्यांचं?" मी विचारलं.

"असतील पंचावन्नच्या आसपास."

"पोरं आहेत की."

माझ्या धंद्यात परीक्षण पायांनी लिहितात. वरातीतली पोरं नाचायची थांबली की समजायचं, गाणं पडलं. पुढच्या चौकाच्या आत बदलायचं. निकाल तोंडावर, तिथल्या तिथं, आणि उद्या दुसरी वरात. हे घरात खुर्चीवर बसून, एकट्यानं ऐकून, चार दिवसांनी कागदावर मारायचं, हे मला काही पटलं नाही. पण विजूची मान खाली होती म्हणून मी बोललो नाही. मी न बोलण्याचे प्रसंग मोजकेच.

त्या शनिवारी सकाळी माझ्या हातून एक गोष्ट झाली. इथं कचऱ्याचं मोठं शास्त्र आहे. जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, कागद वेगळा, ज्याचा वार त्याचाच. चुकलं तर पिशवीवर चिठ्ठी चिकटते आणि पिशवी सगळ्यांच्या देखत तशीच पडून राहते. माझ्या पिशवीला आजवर चिठ्ठी लागलेली नाही. मेघनाला दोनदा लागलीय. त्या दिवशी कागदाचा वार होता. टेबलावर विजूची नवी सीडी दिसली. तो गाणी फोनवरच ऐकतो, पण ही त्यानं मुद्दाम दुकानातून आणली होती. वरचं पातळ प्लॅस्टिक काढून तसंच ठेवलेलं. डबीभोवती कागदाची उभी पट्टी, आत एक घडी घातलेला जपानी छापाचा कागद. मी सीडी पुसून डबीत नीट बसवली. प्लॅस्टिक प्लॅस्टिकमध्ये टाकलं. पट्टी आणि घडीचा कागद जुन्या वर्तमानपत्रांत घालून सुतळीनं बांधला आणि खाली ठेवून आलो.

विजू आंघोळ करून आला.

"अप्पा, यात एक कागद होता."

"होता. कागदात टाकला. पट्टीपण."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तशाच सपाता घालून, छत्री न घेता पळत सुटला. बाहेर पावसाची बुरबुर होती. मी गॅलरीतून वाकून बघितलं. माझा पन्नाशीला टेकलेला मुलगा कचऱ्याच्या जाळीपाशी उकिडवा बसून आख्ख्या इमारतीचे गठ्ठे एकेक करून सोडत होता. सोडायचा, चाळायचा, परत सुतळी बांधायचा. एक जपानी बाई आपला गठ्ठा घेऊन आली, थांबली, त्याला वाकून नमस्कार केला. त्यानंही बसल्या बसल्या वाकून नमस्कार केला. आमचा गठ्ठा सर्वांत शेवटी सापडला.

वर आला तेव्हा केसांतून पाणी गळत होतं आणि कागद शर्टाच्या आत छातीशी धरलेला. मेघनानं काही न विचारता सुती फडका पसरला, त्यावर कागद ठेवला, वर दुसरा फडका घातला आणि इस्त्री फिरवली. मला त्या क्षणी ती सून फार आवडली.

"एवढं काय आहे त्यात?" मी विचारलं. माफी मागायची माझी रीत ही.

"परदेशी अल्बम इथं निघाला की आत असा कागद घालतात अप्पा. इथल्या कुणा जाणकाराकडून लिहून घेतात. हे लोक कोण, गाणी कशी आहेत, सगळं." विजू ओल्या कागदावरून बोट फिरवत होता. त्याला जपानी वाचता येतं, पण सावकाश. "यानं लिहिलंय की हे म्हातारे झालेले नाहीत. सावकाश झालेत. जगात एकट्या ह्या माणसानं बरं लिहिलंय."

"विकणाऱ्याच्याच कागदावर वाईट कोण लिहील?"

"माहितेय," तो म्हणाला. "ते माहितेय मला."

आणि कागदाची घडी पूर्वीच्याच मोडीवर घातली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे नुसतं गाण्याचं नाही. माणूस कुठल्याशा परक्या देशातल्या चार म्हाताऱ्यांसाठी पावसात बसत नाही. तो स्वतःच्या कशासाठी तरी बसतो.

सोमवारी सगळे गेल्यावर मी माझ्या फोनवर सईकडून शिकून ठेवलेलं बटण दाबलं आणि तो अल्बम ऐकला. कानावर ते मोठे हेडफोन, समोर गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेले मोजे. वास बंद काचेतूनही आत येत होता. अकरा गाणी. इंग्रजीचं अक्षर कळत नाही, ते बरंच झालं. शब्द कळले की माणसं शब्दांचं ऐकतात. दुपारी जेवून पुन्हा ऐकला. मग त्यांचा जुना अल्बमही ऐकला, कॉलेजातला, फोनवर शेजारीच होता. चार वाजेपर्यंत तसाच बसून होतो. बायको गेल्यापासून इतका वेळ मी कुणाचं ऐकलं नव्हतं.

विजू आला तसं मी त्याला समोर बसवलं.

"हे बघ. जुन्यात गायक काळी चारात गातो. पोरगा आहे, फुकट ओरडतो. आता त्याला वर जाता येत नाही. बरोबर?"

"तेच म्हणतात ना सगळे."

"थांब. वर जाता येत नाही, म्हणून बाकीच्यांनी पट्टी खाली आणलीय. काळी दोन. गिटारवाल्याला तिथं मजा नाही, त्याचं वाद्य तिथं उघडत नाही, तरी आणलीय. आणि ढोलवाला बघ. ओळीच्या शेवटी ह्याचा दम संपतो ना, तिथं तो मारायचा थांबतो. प्रत्येक वेळी. दम घेतला की परत मारतो. हे तिघं आपल्या माणसाला उचलून चाललेत. पेपरवाल्याला वाटतं, गाणं जड झालंय. जड होणारच. माणूस खांद्यावर आहे."

विजूनं नव्या अल्बममधलं पाचवं गाणं लावलं, ढोलवाला थांबला तिथं बोट वर केलं, पुढच्या ओळीला परत वर केलं. लहानपणी वरात बघायला यायचा तेव्हा तो असंच बोट करायचा.

"अप्पा, हे कुणीच लिहिलेलं नाही. एकानंही नाही."

"पेपरवाल्यांनी कधी वाजवलं असतं तर लिहिलं असतं."

माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. आणि तेव्हाच तो हसत, अगदी सहज, म्हणाला, "तुमचा कान खराच. म्हणून तर तेव्हा ऐकलं मी तुमचं."

मेघनानं ताटं मांडली. भेंडीची भाजी होती. मी पोळी मोडून तुकडे ताटातच ठेवत राहिलो.

'तेव्हा' म्हणजे काय, ते आता लिहितो. विजू पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. चार पोरांनी बँड काढला होता, त्यात ह्याची गिटार. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवणार होते. मला पत्र आलं, या म्हणून. त्याच दिवशी आमच्या पथकाला हडपसरला लग्न होतं, म्हणून जमलं. लग्न उरकलं, बाकीची माणसं गाडीनं गावाकडं गेली आणि मी तसाच, त्याच कपड्यांत, कॉलेजात गेलो. लाल कोट, गोंडे, टोपी. मला त्यात लाज नव्हती. उलट वाटलं, पोराच्या कॉलेजात मास्तर म्हणून जावं.

दारावरचं पोरगं म्हणालं, "बँडवाल्यांनी मागच्या गेटनं जायचं."

मी म्हणालो, "मी बघायला आलोय."

ते हसलं. आत सोडलं. मी शेवटच्या ओळीमागं उभा राहिलो. विजूचा बँड आला. पहिलं गाणं ह्याच इंग्लंडवाल्यांचं वाजवलं, आवाज मोठा, ताल जरा पळत होता. मी मान डोलवत होतो. तेवढ्यात बाहीवर फीत लावलेला दुसरा पोरगा आला आणि म्हणाला, "काका, तुमचं काम कधी आहे? मिरवणूक उद्या आहे ना?" शेवटच्या ओळीतली सगळी पोरं वळली. एकानं तोंडानं पिपाणी वाजवली. जे हसले ते माझ्या मुलाच्या वयाचे होते आणि त्यांचे बूट मला अजून दिसतात. पांढरे.

मी बाहेर आलो. समोर चहाची टपरी होती, तिथं बाकावर बसलो आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. आतून नुसता धप्‌धप्‌ आवाज येत होता, भिंतीतून येतो तसा. त्यात सूर नसतो.

विजू बाहेर आला तो घामानं भिजलेला, खांद्यावर गिटार, मागं त्याचे तीन मित्र. चेहरा असा की मी तो नंतर त्याच्या लग्नातही पाहिला नाही.

"अप्पा, कसं झालं? दुसरं माझं होतं. मीच केलेलं. मराठीत."

मी त्याच्या मित्रांच्या बुटांकडं बघितलं.

"सूर नाही त्याला," मी म्हणालो. "वेळ घालवू नकोस."

"सगळं ऐकलंत?"

"ऐकलं की."

एवढंच. त्यानं वाद घातला नाही. मास्तरांशी सुराबद्दल कोण वाद घालणार? पुढच्या सुट्टीला घरी आला तेव्हा गिटार नव्हती. मित्राला दिली म्हणाला. नंतर तो पहिल्या वर्गात पास झाला, नोकरी लागली, जपानला गेला आणि मी गावात सांगत फिरलो की पोराला वेळेवर मी वळण लावलं. बायकोलाही खरं सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मलाच मी ते सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी ऐकलं होतं आणि सूर नव्हता. भेंडी खाताना कळलं की मला त्या गाण्याचा एक स्वरसुद्धा आठवत नाही. आणि मला तर सगळं आठवतं.

तो आठवडा मी घरात कसा वागलो ते मेघनाला विचारा. "अप्पा, बरं नाही का?" असं तिनं रोज विचारलं. कबूल करायला माणसाला सवय लागते, मला ती नव्हती. मास्तर चुकला तर बँडमध्ये कुणी म्हणत नाही. चौदा जण गुपचूप त्याच्या चुकीत सामील होतात.

रविवारी विजूला म्हणालो, चल, नदीवर जाऊ. अराकावा नदी इथून पायी वीस मिनिटांवर. मोठा काठ, गवत, सायकलवाले. वरून पुलावर तोझाई लाइनची गाडी खडखडत जाते. इथं घरात वाद्य वाजवता येत नाही, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. सरावाला लोक नदीवर येतात. पुलाखाली एक म्हातारा जपानी सॅक्सोफोन घेऊन यायचा, नदीकडं तोंड करून. त्या दिवशीही होता. तेवढीच एक ओळ पुन्हा पुन्हा. जमत नव्हती, पण ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर न जमायलाही मोकळीक असते.

आम्ही उतारावर बसलो. रात्रीच्या पावसानं झाडांची नारिंगी फुलं वाटेवर पडून सडा झाला होता आणि वास पातळ झाला होता.

मी म्हणालो, "विजू, मी तेव्हा तुझं गाणं ऐकलं नाही."

"कुठलं?"

"गॅदरिंगचं. पहिलं अर्धं ऐकलं. मग बाहेर बसलो."

त्याला सगळं सांगितलं. दार, फीत, पिपाणी, टपरी. वरून गाडी गेली तेव्हा थांबलो, गेल्यावर पुढं सांगितलं. तो गवताच्या काड्या मोडत होता.

"म्हणजे माझं ऐकलंच नाही."

"नाही."

"दुसऱ्या नंबरचंच होतं की अप्पा. चार मिनिटं."

मला वाटलं आता चिडेल. चिडावं, अशी माझी इच्छा होती. मी त्यासाठी तयारही होतो. मान खाली घालायची, ऐकून घ्यायचं, असं ठरवून आलो होतो. तो चिडला नाही. पाणी राखाडी होतं, त्यावर एक बदक एकटंच उलट्या दिशेनं पोहत होतं.

"आत्ता म्हण," मी म्हणालो.

"काय?"

"ते गाणं. मी ऐकतो. पुरतं ऐकतो."

त्यानं घसा खाकरला. सुरुवात केली, तीन-चार स्वर लावले आणि थांबला. "नाही, हे दुसऱ्याच कुणाचं तरी आहे." पुन्हा लावले. पुन्हा थांबला. पुलाखालचा म्हातारा आपली ओळ वाजवत होता, ती मध्ये येत होती. मला वाटलं, उठून त्याला थांबवून यावं.

"आठवत नाही अप्पा," विजू म्हणाला. "शब्द पण नाहीत. पावसावर नव्हतं, एवढं आठवतं. बाकी सगळे पावसावर करायचे."

"लिहून ठेवलं नव्हतंस?"

"वही होती. नंतर..." त्यानं हातानं काहीतरी उडवल्यासारखं केलं.

"आणि त्या तिघांना विचार. तुझ्या मित्रांना."

"विचारलं होतं एकदा, पाच-सहा वर्षांपूर्वी. त्यांना मीच आठवलो नाही धड." तो हसला. मग उभा राहिला, पॅंट झटकली आणि मला उठायला हात दिला. "चला. मेघना वाट बघत असेल."

वाटेत कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, थांबून त्यानं मला गरम चहाची बाटली घेऊन दिली. झाकण स्वतः फिरवून सैल करून दिलं, माझी बोटं आता वळत नाहीत म्हणून. तेवढ्यानं मला जे झालं ते दोन तारे मिळून त्या इंग्लंडवाल्यांनाही झालं नसेल. मी चालत चालत हिशेब न करता एवढंच मनात म्हणत होतो, की मी आत उभा राहिलो असतो, चारच मिनिटं, तर ते गाणं आज असतं. माझ्याकडं असतं. परक्यांच्या लग्नांतली हजारो गाणी इथं कानात घर करून आहेत. कुणाच्या कुठल्या वरातीत कुठल्या चौकात काय वाजवलं ते सांगतो मी. हे एक नाही.

हे सगळं गेल्या वर्षीचं.

या वर्षी विजू दूर उत्तरेला, सेंदाईला आहे. ऑफिसनं एप्रिलपासून तिकडं पाठवलंय, एका आड एक शनिवारी येतो. मेघनाला बँकेत काम वाढलंय. सई शाळा सुटल्यावर क्लबात थांबते, आली की "तादाइमा" म्हणून खोलीत जाते. म्हणजे मी आले. मी आतून "ये" म्हणतो. आमचं बोलणं बरेचदा एवढंच. वास आला, आठ दिवस राहील, जाईल. सांगायला कुणी नसलं की वास जास्त वेळ राहतो, असं मला वाटायला लागलंय.

काल दुपारी विजूचा फोन आला, जेवणाच्या सुट्टीत.

"अप्पा, एक गंमत सांगतो. तो आठवतोय का, वेळेवर थांबलेलं बरं असं लिहिणारा?"

"तो शिकलेला."

"तोच. त्यानं वर्षानंतर परत लिहिलंय. म्हणतो, मी तेव्हा घाईत होतो. आगगाडीत बसून एकदाच ऐकला आणि गाडीतून उतरायच्या आत निकाल देऊन मोकळा झालो. आता परत ऐकला. म्हणतो, चुकलो."

"छापून म्हणतो?"

"छापून. नावासकट."

"मोठा माणूस आहे," मी म्हणालो.

मागं कुणीतरी जपानीत हसत होतं. विजू म्हणाला, "तुम्ही त्याच्या आधी कबूल केलंत की."

त्यानं मला सोडवायला म्हटलं होतं, ते कळत होतं. पण सुटता येत नाही ना.

"त्याचं बरं आहे रे," मी म्हणालो. "त्याला परत ऐकायला मिळालं."

सेंदाईतली शांतता आणि निशी-कसाईतली शांतता फोनमध्ये एकच होते. मला वाटलं, ठेवला त्यानं.

"अप्पा."

"आहे."

"परवा बसमध्ये काहीतरी आलं होतं. ऑफिसला जाताना. ओळ नव्हे, अर्धी ओळ. चाल. मला वाटलं तेच असेल. तोंडात घोळवत बसलो, पण उतरेपर्यंत गेलं."

मी खुर्चीवरून उठलो कधी ते कळलं नाही. "म्हणायचं ना तिथंच!"

"इथं बसमध्ये कुणी गुणगुणत नाही अप्पा. फोनसुद्धा घेत नाहीत."

"मग उतरायचं."

"कुठं?"

"पुढच्या थांब्यावर. येईल तिथं. उतरायचं आणि रस्त्यावर उभं राहून म्हणायचं. फोन लावायचा मला. मी उचलेन."

"आणि ऑफिस?"

"ऑफिस गेलं खड्ड्यात," मी म्हणालो.

तो हसला. लहान असताना हसायचा तसा, पोटातून. मग सुट्टी संपली आणि त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी सई आली. मी तिला म्हटलं, माझ्या फोनची घंटी जेवढी मोठी होते तेवढी कर. तिनं केली आणि म्हणाली, "आजोबा, एवढी? शेजारी तक्रार करतील." मी म्हटलं, करू देत. विजूची बस सकाळी आठची असते. आज साडेसातला सगळे गेल्यावर मी दार लावलं, पंखा बंद केला, नळ बंद आहे का बघितलं आणि फोन समोर ठेवून बसलो.

नऊ वाजले. उद्याही बसेन.